स्क्रॅचचा प्रोजेक्ट घरच्यांच्या हातात: एसबी३ फाइलीपासून एचटीएमएल, विंडोज आणि मोबाइलपर्यंत

माझ्या शनिवारच्या वर्गात सातवीतल्या एका मुलीने स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायच्या मुलांच्या भाषेत, बैलगाडीचा गेम केला होता. बाणाच्या बटणांनी गाडी मागे-पुढे जाते, वरून आकडे पडतात, बेरीज बरोबर जुळली की गाडीत एक पोतं चढतं. दीड महिना खपली त्यासाठी. शेवटी तिने ती फाइल वडिलांच्या फोनवर घेतली आणि घरी नेली. पुढच्या शनिवारी आली ती हिरमुसलेली. "ताई, घरी कुणालाच दिसला नाही. फोन म्हणतो, ही फाइल उघडता येत नाही."

फाइल धडधाकट होती. तिचा प्रकार मात्र असा होता की ती फक्त स्क्रॅचमध्येच उघडते, आणि तिच्या घरी स्क्रॅच नव्हतं. तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे: घरच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडल्याशिवाय प्रोजेक्ट पूर्ण झाला असं धरायचं नाही. तो तिथपर्यंत कसा न्यायचा, कुठे घोडं अडतं आणि कुणासाठी कोणती फाइल काढायची, ते इथे सगळं लिहिते आहे. शिक्षकांना, पालकांना आणि स्वतः प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडावं.

एसबी३ म्हणजे शिधा

स्क्रॅच ही एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या लाइफलाँग किंडरगार्टन या गटाने घडवलेली भाषा. २००७ साली ती सगळ्यांसाठी खुली झाली तेव्हा प्रोजेक्टची फाइल 'एसबी' असायची. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती 'एसबी२' झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून 'एसबी३' आहे. दुसरी आवृत्ती फ्लॅशवर चालायची आणि फ्लॅश २०२० अखेर बंद पडलं, पण तुमच्याकडे जुन्या सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर त्या काळातल्या फाइली असतील तर टाकून देऊ नका. आजचं स्क्रॅच एसबी आणि एसबी२ दोन्ही उघडतं.

मुलांना एकदा ही फाइल आतून दाखवा, पुढचं सगळं सोपं जातं. प्रोजेक्टची एक प्रत काढा आणि तिच्या नावातलं शेवटचं 'एसबी३' खोडून 'झिप' लिहा. विंडोजमध्ये ही शेपटी दिसतच नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. आता ती झिप उघडा. आत 'प्रोजेक्ट डॉट जेसॉन' नावाची एक मजकुराची फाइल असते. तुम्ही रचलेले सगळे ब्लॉक तिच्यात अक्षरांच्या रूपात असतात. बाकीच्या फाइलींची नावं ३२ अक्षर-आकड्यांची, वाचता न येणारी. त्या म्हणजे तुमची चित्रं आणि आवाज. हे लांबलचक नाव त्या फाइलीच्या मजकुरावरूनच ठरतं, म्हणून एकच चित्र दोन स्प्राइटमध्ये (पडद्यावरच्या पात्रांमध्ये) वापरलं तरी आत एकदाच साठवलं जातं.

म्हणजे एसबी३ हा शिधा आहे. तांदूळ, डाळ, मीठ सगळं मोजून बांधलेलं, पण चूल नाही. ती चूल म्हणजे स्क्रॅच. प्रोजेक्ट एक्सपोर्ट करायचा म्हणजे शिध्यासोबत चूलही बांधून द्यायची. त्यामुळे एक्सपोर्ट केलेली फाइल मोठी का होते हेही मुलांना लगेच कळतं.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. काही फोन आणि ब्राउझर एसबी३ फाइल ओळखत नाहीत, तिला झिप समजतात आणि नावाची शेपटी बदलून टाकतात. अशा वेळी फाइल बिघडली म्हणून घाबरायचं कारण नाही. नाव पुन्हा 'एसबी३' करा आणि स्क्रॅचमधून 'फाइल', मग 'लोड फ्रॉम युवर कॉम्प्युटर' असं उघडा. फक्त ती झिप फोडून आतल्या फाइली सुट्या करू नका.

आणि मूळ एसबी३ कधीही टाकू नका. एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारं पान) किंवा ॲप काढल्यावर "आता याची काय गरज" म्हणून मुलं मूळ फाइल पुसतात आणि पुढच्या आठवड्यात गेममध्ये एक आकडा बदलायचा असला की सगळं मुसळ केरात. एचटीएमएलमधून प्रोजेक्ट परत बाहेर काढून देणारी साधनं आहेत, पण आपल्या कामाचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नये. बदल नेहमी एसबी३ मध्ये करायचा आणि एक्सपोर्ट पुन्हा काढायचा.

काढण्याआधीची साफसफाई

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि नंतरच्या अडचणींचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

पहिलं, देवनागरी मजकूर. कॉस्च्यूमच्या, म्हणजे स्प्राइटच्या चित्राच्या, खिडकीत अक्षरं लिहायला स्क्रॅच जे मोजके फॉन्ट देतं त्यांत देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट नाही. आपण 'बेरीज करा' असं लिहितो तेव्हा स्क्रॅच त्या कॉम्प्युटरवर जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो वापरतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट वेगळा, त्यामुळे अक्षरांची रुंदी वेगळी, आणि चौकटीत बसवलेलं शीर्षक बाहेर सांडतं. उपाय सोपा आहे. शीर्षक पक्कं झालं की त्या कॉस्च्यूमची एक प्रत काढून ठेवा आणि मूळ कॉस्च्यूमवर खालचं 'कन्व्हर्ट टू बिटमॅप' दाबा. अक्षरांचं चित्र होतं आणि ते सगळीकडे सारखं दिसतं. प्रत कशासाठी, तर बिटमॅप झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

दुसरं, आवाज. फाइलीचं वजन बहुतेक वेळा आवाजामुळे वाढतं. सीडीच्या दर्जाचा, एकाच वाहिनीचा, न दाबलेला डब्ल्यूएव्ही आवाज मिनिटाला साधारण ५ एमबी खातो. तोच एमपी३ केला, १२८ केबीपीएस धरला, तर मिनिटाला १ एमबीच्या आत बसतो. म्हणून पार्श्वसंगीत आधी ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये कापा, एमपी३ करा आणि मगच स्क्रॅचमध्ये आणा. इथे एक बारकावा आहे. एमपी३ आणल्यावर स्क्रॅचच्या साउंड टॅबमध्ये तिला कात्री लावली किंवा आवाज कमी-जास्त केला, की स्क्रॅच ती पुन्हा डब्ल्यूएव्ही करून साठवतं आणि फाइल एकदम फुगते. कापाकापी बाहेरच उरकून घ्यावी.

तिसरं, इंटरनेटवर अवलंबून असलेले ब्लॉक. 'टेक्स्ट टू स्पीच' आणि 'ट्रान्सलेट' हे ब्लॉक दर वेळी सर्व्हरला विचारतात. नेट नसलेल्या शाळेत ते गप्प बसतात. त्याऐवजी मुलांच्याच आवाजात "शाब्बास!" आणि "पुन्हा कर!" रेकॉर्ड करा. ऐकायलाही तेच गोड लागतं.

चौथं, 'युजरनेम' ब्लॉक आणि क्लाउड व्हेरिएबल (स्क्रॅचच्या सर्व्हरवर साठवला जाणारा आकडा). स्क्रॅचच्या संकेतस्थळावर युजरनेममध्ये खेळणाऱ्याचं खातं येतं. बाहेर काढलेल्या फाइलीत तिथे 'प्लेअर' आणि पुढे काही आकडे असं नाव येतं. तेव्हा "नाव अमुक असेल तरच सुरू कर" असली अट प्रोजेक्टमध्ये असेल तर काढून टाका आणि नाव 'आस्क' ब्लॉकने विचारा. क्लाउड व्हेरिएबलमध्ये ठेवलेले सर्वाधिक गुण बाहेरच्या फाइलीत स्क्रॅचच्या साठ्याशी जोडलेले राहत नाहीत, हेही मुलांना आधीच सांगा.

शेवटचं मनापासून सांगते. श्रेयाच्या पानावर मुलाचं पूर्ण नाव, शाळा, गाव, फोन नंबर घालू नका. फाइल एकदा व्हॉट्सॲपवर गेली की ती कुठे पोचेल यावर आपला ताबा नसतो. पहिलं नाव आणि इयत्ता पुरे. आणि प्रोजेक्ट स्क्रॅचवरच्या दुसऱ्या कुणाच्या कामावरून रीमिक्स केला असेल तर मूळ करणाऱ्याचं खातं श्रेयात लिहा. तिथे शेअर केलेली कामं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतात त्याची ती अटच आहे.

एचटीएमएल: सगळ्यात आधी हेच काढा

मला एकच प्रकार निवडायला सांगितला तर मी डोळे झाकून एचटीएमएल निवडेन. एकच फाइल, काही एमबींची, बहुतेक ब्राउझरमध्ये उघडते, इन्स्टॉल काही करावं लागत नाही आणि नेट लागत नाही. पेनड्राइव्हवर टाकून जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लॅबमध्ये नेली की काम झालं.

स्क्रॅचच्या स्वतःच्या मेनूत एचटीएमएलची सोय नाही. त्यासाठी टर्बोवॉर्प पॅकेजर नावाचं फुकट साधन आहे. टर्बोवॉर्प हे स्क्रॅचवर आधारलेलं, पण प्रोजेक्ट अधिक वेगाने चालवणारं रूप, आणि पॅकेजर हा त्याच मंडळींचा प्रकल्प. तो ब्राउझरमध्येच चालतो. प्रोजेक्टचं रूपांतर तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, फाइल कुठल्या सर्व्हरवर चढवली जात नाही. मुलांचं काम असल्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता एकेक पायरी.

स्क्रॅचमध्ये प्रोजेक्ट उघडा, 'फाइल' मेनूतून 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर' करा. फाइलीला साधं इंग्रजी अक्षरांतलं, मोकळी जागा नसलेलं नाव द्या आणि शेवटी तारीख घाला. देवनागरी नावं आता बहुतेक ठिकाणी चालतात, पण झिप करून एका कॉम्प्युटरवरून दुसरीकडे नेताना त्यांची अक्षरं कधी कधी बिघडतात.

मग पॅकेजर उघडा. वर प्रोजेक्ट कुठून घ्यायचा ते विचारतो: स्क्रॅचचा दुवा किंवा तुमच्याकडची फाइल. फाइल निवडा. दुवा फक्त शेअर केलेल्या प्रोजेक्टचा चालतो, शेअर न केलेला प्रोजेक्ट त्याला दिसत नाही. मुलांची कामं शेअर करण्याची घाई नको, त्यामुळे फाइलच बरी. मग 'लोड प्रोजेक्ट' दाबा.

खाली पर्यायांची लांबच लांब यादी उघडते. तिला बघून बिचकू नका, बहुतेक गोष्टी आहेत तशाच ठेवायच्या. मी हात लावते त्या एवढ्याच. शीर्षक: इथे बिनधास्त मराठीत लिहा, ते ब्राउझरच्या टॅबवर दिसतं. आयकॉन: मुलाने काढलेलं एखादं चित्र. फ्रेमरेट: मूळ स्क्रॅच सेकंदाला ३० चौकटी दाखवतं, तेच राहू द्या. तो ६० केला की ज्या गेममध्ये 'फॉरएव्हर'च्या आत 'मूव्ह १०' आहे तिथली गाडी दुप्पट वेगाने पळते आणि गेम खेळण्याजोगा राहत नाही. स्टेजचा, म्हणजे गेमच्या चौकटीचा, आकारही मूळचा ४८० बाय ३६० ठेवा. तो बदलला की पार्श्वभूमीच्या बाजूला पांढऱ्या पट्ट्या दिसतात, कारण प्रोजेक्ट त्या मापालाच रचलेला असतो. क्लोन (स्प्राइटच्या चालू गेममधल्या नकला) ३०० पर्यंतच हवेत ही स्क्रॅचची मर्यादाही इथे उठवता येते, पण जुन्या कॉम्प्युटरवर गेम न्यायचा असेल तर ती आहे तेच चांगलं.

एक खूण मात्र करू नका: उघडताक्षणी प्रोजेक्ट आपोआप सुरू होण्याची. ब्राउझर माणसाने पानावर कुठेतरी क्लिक केल्याशिवाय आवाज वाजू देत नाहीत. आपोआप सुरू झालेल्या प्रोजेक्टचं सुरुवातीचं संगीत मग ऐकू येत नाही, आणि मुलांना वाटतं आवाजाचा ब्लॉक चुकला. खेळणाऱ्याला हिरवा झेंडा दाबू द्या. झेंडा, थांबवायचं लाल बटण आणि पूर्ण पडदा, ही तिन्ही बटणं दिसती ठेवा.

मग 'एन्व्हायर्न्मेंट' या भागात 'प्लेन एचटीएमएल' निवडा. तिथेच 'झिप' असाही पर्याय आहे आणि तो संकेतस्थळावर चढवण्यासाठी आहे. झिप फोडून आतल्या 'इंडेक्स'वर डबल-क्लिक केलं तर प्रोजेक्ट उघडत नाही, कारण ब्राउझर सुरक्षेसाठी अशा पानाला शेजारच्या फाइली वाचू देत नाही. पेनड्राइव्हसाठी प्लेन एचटीएमएलच.

आधी 'प्रीव्ह्यू' दाबून एक डाव पूर्ण खेळा, हरा आणि जिंकाही. मग 'पॅकेज' दाबा. तयार झालेली फाइल डाउनलोड होते. आता कॉम्प्युटरचं नेट बंद करा आणि त्या फाइलीवर डबल-क्लिक करा. चालली तर काम झालं. लॅबमध्ये अजून विंडोज ७ असेल तर तिथे क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती बसते, तेव्हा जुन्याहून जुन्या ब्राउझरवर भिस्त न ठेवता निदान तेवढी तरी बसवून घ्या.

वेगाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जो गेम स्क्रॅचमध्ये अडखळत चालायचा तो पॅकेजरमधून बाहेर आल्यावर सुसाट धावू शकतो, कारण इथे ब्लॉकचं आधी जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होतं. मुलांनी अडखळण्याच्या हिशोबाने वेग ठरवलेला असेल तर तो पुन्हा बसवावा लागतो.

पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि अँड्रॉइडवर उघडताना क्रोम निवडायला सांगा. आयफोनवर अशी फाइल थेट चालेल याचा भरवसा नसतो. तिथे प्रोजेक्ट कुठेतरी चढवून दुवा देणंच बरं. गिटहब पेजेस किंवा इच डॉट आयओवर हे फुकट करता येतं. इच डॉट आयओवर झिपवाली आवृत्ती चढवा आणि ती ब्राउझरमध्ये खेळायची आहे अशी खूण करा.

विंडोजचं ॲप

मुलांना याचं फार आकर्षण असतं. डेस्कटॉपवर स्वतःच्या गेमचा आयकॉन दिसावा ही हौस मला समजते, आणि शाळेच्या प्रदर्शनात ते शोभूनही दिसतं. पॅकेजरमध्ये सगळं आधीसारखंच, फक्त एन्व्हायर्न्मेंटमध्ये इलेक्ट्रॉनचं विंडोज ॲप निवडायचं. कॉम्प्युटर ६४ बिटचा की ३२ बिटचा ते आधी पाहून घ्या.

हाती येते ती झिप, आणि तिचं वजन १०० एमबीच्या वर जातं. कारण यात चूल म्हणजे अख्खा ब्राउझरच बांधलेला असतो. ही झिप आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'ने पूर्ण फोडायची आणि मग आतली ईएक्सई चालवायची. झिपच्या खिडकीतूनच ईएक्सईवर डबल-क्लिक केलं, किंवा फोल्डरमधली एकटी ईएक्सई उचलून पेनड्राइव्हवर नेली, तर ती चालत नाही. अख्खा फोल्डर सोबत लागतो.

पहिल्यांदा चालवताना विंडोज निळी खिडकी दाखवून इशारा देतं, कारण या ॲपवर कुणा कंपनीची डिजिटल सही नसते. 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' केलं की उघडतं. पण मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं: हा इशारा फक्त स्वतः बनवलेल्या किंवा समोर बसून बनवलेल्या ॲपसाठी ओलांडायचा. कुणीतरी पाठवलेल्या ईएक्सईसाठी नाही. जीमेल तर अशी फाइल, झिपमध्ये घातली तरी, पुढे जाऊच देत नाही. म्हणून हा प्रकार फक्त आपल्या डोळ्यांसमोरच्या कॉम्प्युटरसाठी ठेवा. बाहेर पाठवायला एचटीएमएलच.

अख्खा प्रोजेक्ट नको, तुकडे हवेत तेव्हा

प्रकल्पवहीत चित्र चिकटवायचं असतं, दुसऱ्या गेममध्ये तीच गाडी हवी असते. यासाठी बाहेरचं काही लागत नाही. स्प्राइटच्या छोट्या चित्रावर उजवं क्लिक करून 'एक्सपोर्ट' केलं की ब्लॉक, चित्रं आणि आवाजासकट तो स्प्राइट 'स्प्राइट३' फाइल म्हणून निघतो. कॉस्च्यूमवर तसंच केलं तर नुसतं चित्र मिळतं: व्हेक्टर असेल तर एसव्हीजी, बिटमॅप असेल तर पीएनजी. साउंड टॅबमधला आवाजही असाच बाहेर काढता येतो.

लिस्टची सोय फार थोड्यांना माहीत असते. स्टेजवर दिसणाऱ्या लिस्टवर उजवं क्लिक केलं की 'इम्पोर्ट' आणि 'एक्सपोर्ट' येतात. एक्सपोर्टने ती साध्या टेक्स्ट फाइलीत जाते, एका ओळीत एक नोंद. प्रश्नमंजुषेतल्या मुलांची उत्तरं अशी जमवता येतात. उलट बाजूनेही हे चालतं. ५० प्रश्न गूगल शीट्समध्ये लिहा, सीएसव्ही म्हणून उतरवा, लिस्टमध्ये इम्पोर्ट करा. एकाहून जास्त रकाने असतील तर स्क्रॅच कोणता रकाना हवा ते विचारतं. एका रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तरं, दोन लिस्ट, दोन वेळा इम्पोर्ट. एक्सपोर्ट केलेली मराठी यादी एक्सेलमध्ये थेट उघडली आणि अक्षरांचा चिवडा दिसला तर ती फाइल 'डेटा' मेनूतून आणा आणि यूटीएफ-८ निवडा.

ब्लॉकचं चित्र हवं असेल तर स्क्रीनशॉट काढत बसू नका. टर्बोवॉर्पच्या एडिटरमध्ये ॲडऑन म्हणून ब्लॉक चित्ररूपात साठवण्याची सोय आहे. ती चालू केली की कोडच्या जागेवर उजवं क्लिक करून एसव्हीजी किंवा पीएनजी मिळते, छापल्यावर स्वच्छ दिसते. तिथल्याच ॲडऑनमध्ये प्रोजेक्ट चालताना त्याचा व्हिडिओ रेकॉर्ड करण्याचंही बटण आहे. व्हिडिओ बहुधा वेबएम प्रकारात येतो. सगळ्यांच्या फोनवर चालावा म्हणून हँडब्रेक या प्रोग्रॅमने एमपी४ करून घ्या. मुलगी गोष्ट सांगणारा प्रोजेक्ट करते, त्यात खेळण्यासारखं काही नसतं, तेव्हा मला एमपी४ हाच सगळ्यात प्रामाणिक प्रकार वाटतो. आजोबांना झेंडा कुठे दाबायचा ते समजावून सांगावं लागत नाही.

स्क्रॅचच्या बाहेरचं थोडक्यात. मायक्रोबिट या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीसाठी मेककोड हा ब्लॉकचा एडिटर वापरत असाल तर 'हेक्स' फाइल उतरते. ती पाटीवर टाकायची आणि तीच जपूनही ठेवायची, कारण मेककोड तिच्या पोटात मूळ ब्लॉकही साठवतं आणि पुन्हा उघडून देतं. एमआयटी ॲप इन्व्हेंटरमध्ये प्रोजेक्ट 'एआयए' असतो आणि 'बिल्ड' मेनूतून थेट एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, निघते. सुरुवातीपासून अँड्रॉइड ॲपच करायचं ठरलेलं असेल तर स्क्रॅचच्या वाटेने न जाता तिकडेच सुरुवात करा.

फोनवर खेळता यावं म्हणून

बैलगाडीचा गेम एचटीएमएल करून वडिलांच्या फोनवर पाठवला. उघडला, दिसला, पण गाडी जागची हलेना. फोनला बाणाची बटणं नसतात. प्रोजेक्टच थोडा बदलावा लागतो.

बाणाचं चित्र असलेला एक नवा स्प्राइट काढा, 'उजवं' नावाचं व्हेरिएबल करा आणि स्टेजच्या खालच्या कोपऱ्यात तो स्प्राइट ठेवा. त्याच्या 'फॉरएव्हर'मध्ये अट घाला: माउस दाबलेला आहे आणि हा स्प्राइट माउस-पॉइंटरला स्पर्श करतोय, तर 'उजवं' १, नाहीतर ०. दोन्ही अटी हव्यात. फोनवर बोट उचललं तरी स्क्रॅचच्या लेखी पॉइंटर शेवटच्या जागीच राहतो, म्हणून नुसती स्पर्शाची अट ठेवली तर बोट काढल्यावरही गाडी चालतच राहते. आमच्याकडे ती पहिल्या वेळी थेट कडेला जाऊन थांबली होती. मग गाडीच्या कोडमध्ये जिथे 'उजवा बाण दाबला आहे का' असं आहे तिथे 'किंवा उजवं बरोबर १' जोडा. असंच डावीकडचं. अशाने एकच फाइल कॉम्प्युटरवर आणि फोनवर दोन्हीकडे खेळता येते.

स्क्रॅच एकाच बोटाचा स्पर्श ओळखतं. पुढे जाता जाता उडीही मारायची असेल तर ते या बटणांनी जमत नाही. तिथे चालणं आपोआप ठेवा आणि बोटाने फक्त उडी.

खरोखरची एपीके हवी असेल तर मोठ्या कुणीतरी अँड्रॉइड स्टुडिओ उघडून बसायला हवं. रिकामा प्रोजेक्ट काढायचा, त्यात 'ॲसेट्स' फोल्डर करून प्लेन एचटीएमएल तिथे 'इंडेक्स' नावाने ठेवायची, पडद्यावर एक वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) घालून त्यात जावास्क्रिप्ट आणि डॉम स्टोरेज चालू करायचं आणि ती फाइल उघडायला लावायची. मॅनिफेस्टमध्ये पडदा आडवा ठेवायला सांगायचं. बिल्ड मेनूतून एपीके काढली की ती आपल्या फोनवर टाकता येते. प्ले स्टोअर ही पुढची पायरी: तिथे खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि नवीन ॲप एपीकेऐवजी एएबी प्रकारात द्यावं लागतं. शाळकरी गेमसाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. "एचटीएमएल द्या, एपीके घ्या" म्हणणारी अनोळखी संकेतस्थळं मात्र टाळाच. आपल्या मुलाच्या गेममध्ये ती कोणत्या जाहिराती आणि परवानग्या घुसडतील ते आपल्याला दिसत नाही.

बैलगाडीची बटणं आधी स्क्रॅचच्या मापाने ४० पावलं रुंद होती. मुलीने फोन आजीच्या हातात दिला तेव्हा आजीचं बोट दर दोन वेळांत एकदा बटणाच्या बाहेर पडत होतं. पुढच्या शनिवारी तिने स्वतःहून बटणं ८० ची केली, कोपऱ्यातून थोडी वर घेतली, एसबी३ वर नवी तारीख घातली आणि फाइल पुन्हा काढून पाठवली. आजीने त्या रात्री गाडीत अकरा पोती चढवली.